बावीस दाते

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. सायकलवरून काढलेला भाग फेकायचा नाही. आधी गिऱ्हाइकाला दाखवायचा, मग तारेत ओवून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. उद्या कोणी उठून म्हणाला की माझा चांगला भाग काढून खराब लावलास, तर तार उतरवून त्याच्या नाकासमोर धरता येते. पंचेचाळीस वर्षांत हा नियम मी एकाच माणसासाठी मोडला, तोही अर्धाच. काढलेले भाग खिळ्याला अडकवले, पण ज्याचे होते त्याला दाखवले नाहीत. तो माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा पाण्याच्या खात्यात मीटर वाचायला होता. छत्तीस वर्षं एकाच काळ्या सायकलवर त्याने गल्ल्या पालथ्या घातल्या. लोकांच्या दारात वाकायचं, झाकण उघडायचं, बोट धरून आकडा मोठ्याने वाचायचा आणि मग वहीत लिहायचा. जे दिसेल तेच लिहायचं. खात्यात त्याच्या मागे लोक त्याला 'काटा' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

याचा प्रसाद मलाही मिळालेला आहे. तरुणपणी कोणाच्या तरी नादाने मी दुकानाच्या मीटरला लोहचुंबक चिकटवलं, म्हणजे चक्र हळू फिरतं. दादा वाचायला आला. चुंबक काढून त्याने माझ्या हातात दिलं, आणि वहीत जे लिहायचं ते लिहिलं. तीन आठवडे माझं पाणी तोडलेलं होतं. त्या तीन आठवड्यांत रोज सकाळी दोन घागरी भरून, सायकलला लटकवून तोच मला आणून देत होता. लिहिलेलं मात्र खोडलं नाही. असा माणूस.

त्याच्या सायकलला गिअर वगैरे काही नाही. पुढे एक दातेरी चाक, मागे एक, मध्ये साखळी. मागचं चाक सोळा दात्यांचं, त्याने नोकरी लागली तेव्हा हौसेने बसवून घेतलेलं. मागे दाते कमी असले की सपाटीवर सायकल पळते, पण चढावर मांड्यांचं पीठ होतं. दाते वाढवले की चढ सोपा, वेग मात्र कमी. माझे गुडघे पन्नाशीतच गेले, म्हणून मी माझ्या सायकलला उघडपणे बावीस दाते लावले. लाज कसली त्यात? दादा माझे भराभर फिरणारे पाय बघून विचारायचा, शिवणयंत्र आज कोणाची चोळी शिवतंय?

तो निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं रोज सकाळी टाकीचा चढ चढायला जातो. जायचो. गावाच्या कडेला टेकाडावर पाण्याची मोठी टाकी आहे, तिथपर्यंत अकरा दिव्यांचे खांब. दादाची अट एकच, पाय टेकायचा नाही. साखरेने त्याचे तळवे बधिर झाले, डोळ्यांत दोनदा सुया टोचून झाल्या, मूत्रपिंडं निम्म्यावर आली. तरी खालून निघालेला दादा वर जाऊनच उतरायचा. मी नेहमी त्याच्या मागे असायचो. वर पोचल्यावर तो टाकीच्या भिंतीला सायकल टेकवायचा आणि म्हणायचा, "अजून चालू आहे."

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मागून बघताना मला त्याचे खांदे दिसले. एकदा डावा खाली, एकदा उजवा खाली. अंगात ताकद असलेला माणूस असा डुलत नाही. सातव्या खांबापाशी तर आता पडतो की काय असं वाटलं. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं असतं तर त्याने दादाला सांगितलं असतं. मी पडलो मिस्त्री. ओझं जास्त झालं तर काय करायचं एवढंच मला कळतं. त्याच दिवशी साखळीला तेल द्यायच्या निमित्ताने मी सायकल ठेवून घेतली, सोळाचं काढून अठराचं बसवलं, साखळीत एक कडी वाढवली, आणि नव्या चाकावर जुनं काळं ग्रीस फासलं.

दुसऱ्या दिवशी दादा वर गेला तो गाणं म्हणायच्या बेतात. म्हणाला, नवीन गोळी लागू पडली बघ. त्याचा चेहरा बघून मला सांगवेना. उद्या सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी खांदे पुन्हा डुलायला लागले आणि मी वीसचं बसवलं. सपाटीवर आता त्याला बाजाराला पोचायला वेळ लागायचा. तो म्हणायचा, वारा समोरून आहे. वारा रोज समोरून कसा असेल, हे त्या काट्याला सुचू नये? पण चांगल्या बातमीचा आकडा कोण दोनदा तपासतो?

इथपर्यंत जे केलं ते मूर्खपणाने केलं, असं मी स्वतःला समजावू शकतो. पुढचं तसं नाही.

त्यानंतर दादाच्या हृदयाची एक झडप अरुंद होत चालल्याचं निघालं. वहिनीने मला घरी बोलावून सगळं नीट सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की झडप कधी ना कधी बदलावी लागेल. पण साखर आणि मूत्रपिंडं बघता उगाच घाई नको. त्रास नाही तोवर थांबू. दम लागायला लागला की त्याच आठवड्यात यायचं, कारण नंतर उशीर होतो. त्यावर दादाने छाती पुढे काढून सांगितलं होतं की रोज अकरा खांबांचा चढ पाय न टेकता चढतो. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मग तो चढच तुमचं मीटर. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी माझ्याकडे.

वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही मागे असता. जरा लक्ष ठेवा."

मी मान डोलावली. 

तीन महिन्यांनी नवव्या खांबापाशी दादा थांबता थांबता वाचला. ओठ पांढरे पडले होते. वर पोचल्यावर 'अजून चालू आहे' म्हणायला त्याला बराच वेळ लागला. त्या दिवशी मी वहिनीकडे जायला हवं होतं. मी दुकानात गेलो आणि बावीसचं चाक काढून त्याच्या सायकलला बसवलं. आमच्या वडिलांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी दाराबाहेर त्यांच्या चपला हातात धरून उभा होतो. त्या चपला मला तशाच घरी आणाव्या लागल्या. ते एक कारण. दुसरं कारण सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. मला बायको नाही, मुलं नाहीत. सकाळचा तो तास सोडला तर दिवसभरात माझ्याशी बोलतात ते पंक्चरवाले. दादा घरी बसला असता तर मी कोणाच्या मागे गेलो असतो?

बावीसनंतर आमचे पाय सारखेच फिरायला लागले. एकदा मान वळवून दादा म्हणाला, आज शिवणयंत्राला जोडीदार मिळाला वाटतं. आणि हसला. मीही हसलो. त्या वर्षी तपासणीची तारीख आली तेव्हा तो गेलाच नाही. म्हणाला, चढ चढतोय ना, मग त्या यंत्राला कशाला त्रास. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून बसलो.

गेल्या थंडीत माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दहा दिवस हत्यार हातात धरायचं नव्हतं. नेमकी त्यातच दादाच्या मागच्या चाकाच्या आऱ्यांतली एक तार तुटली, तीही साखळीच्या बाजूची. त्या बाजूची तार बदलायची तर दातेरी चाक उतरवल्याशिवाय इलाज नसतो. दादा सायकल ढकलत मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेला. तिथल्या मिस्त्रीने चाक उतरवलं, पुसलं आणि सहज म्हणाला, आजोबा, बावीस दाते? आता म्हातारपणी हेच बरं.

दुपारी सायकल बाहेर टेकवून दादा माझ्या दुकानामागच्या खोलीत आला. डोळ्यावर हिरवं फडकं बांधून मी खाटेवर पडलो होतो. त्याने ते दातेरी चाक माझ्या पोटावर ठेवलं.

"मोज."

मोजायची गरज नव्हती. "बावीस," मी म्हणालो.

"माझं सोळाचं कुठे आहे?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्याने तार स्वतः उतरवली आणि चाकं टेबलावर ओळीने मांडली. सोळा, अठरा, वीस. शेवटी माझ्या पोटावरचं बावीस. मग वाकून, प्रत्येकावर बोट धरून, मीटर वाचावं तशी ती वाचली.

"शेवटचं कधी लावलंस?"

मी महिना सांगितला.

"म्हणजे डॉक्टरांनी सांगितल्यावर."

"हो."

तो खाटेच्या कडेवर बसला. मी वडिलांचं बोललो, चपलांचं बोललो, दुसरं कारणही बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू माझ्या मीटरला चुंबक लावलंस," तो म्हणाला. "सोळा बसव."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाकू नको म्हणून बजावलं होतं. एका डोळ्याने, सुजलेल्या बोटांनी मी ते चाक बसवलं, साखळीच्या वाढवलेल्या कड्या काढल्या. तास लागला. दादा समोर बसून बघत होता, गिऱ्हाईक बसतं तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टाकीकडे गेलो. मी पायीच गेलो. दादा पहिल्या खांबापर्यंत नीट गेला, दुसऱ्याला सायकल वेडीवाकडी व्हायला लागली, आणि तिसऱ्यापाशी त्याने डावा पाय खाली टेकला. मी धावत पोचलो तेव्हा तो हँडलवर कपाळ ठेवून उभा होता. श्वास भात्यासारखा वाजत होता. बऱ्याच वेळाने त्याने मान वर करून खांबावर रंगवलेला आकडा बघितला.

"तीन," तो मोठ्याने म्हणाला. वहीत लिहायच्या आधी म्हणायचा तसा.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो. तपासण्या झाल्या होत्या. त्यांनी कागद पुन्हा पुन्हा उलटले आणि मग हळू आवाजात सांगितलं की झडपेने तोंड जवळजवळ मिटलंय आणि तिच्याशी झगडून हृदयाचा स्नायूच थकलाय. मूत्रपिंडंही आणखी खाली आली आहेत. आता काहीही करायचं तर माणूस टेबलावरच जाण्याचा धोका जास्त. दोन वर्षांपूर्वी करता आलं असतं. आता गोळ्यांवर जितकं जाईल तितकं.

मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "दम कधीपासून लागत होता?"

मी तोंड उघडलं. टेबलाखाली दादाचा हात माझ्या गुडघ्यावर आला, आणि दुखऱ्या जागीच इतका दाबला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"दोन वर्षं झाली," दादा म्हणाला. "चढ जमत नव्हता. ढकलत नेत होतो. मी लपवलं. ह्यालाही बोलू दिलं नाही."

त्यांनी तसं लिहून घेतलं. माझ्या भावाने आयुष्यात दिलेला पहिला खोटा आकडा मी माझ्या डोळ्यांनी कागदावर उतरताना बघितला. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. 

बाहेर औषधांच्या खिडकीपाशी ती रांगेत उभी होती तेव्हा मी दादाला म्हणालो की मी तिला खरं सांगणार, आत्ता सांगणार.

"नाही सांगायचं," तो म्हणाला. "माझ्यावर रागावून ती कुठे जाणार आहे? जाणार मीच. तुझ्यावर रागावली तर मागे तुम्हा दोघांना कोण आहे?"

मला रडू आलं. लोक बघत होते. दादाने बाकावरचा स्वतःचा रुमाल माझ्याकडे सरकवला आणि दुसरीकडे बघत बसला.

आता आम्ही चढावर जात नाही. सपाटीवर, पाणी शुद्ध करायच्या कारखान्याच्या भिंतीला धरून एक फेरी. तेवढी डॉक्टरीणबाईंनी ठेवली आहे, तीही सावकाश. दादाने बावीसचं पुन्हा बसवायला सांगितलं आणि या वेळी ते आधी हातात घेऊन मोजलं. मध्यंतरी त्याने विचारलं, याच्या पुढचं येतं का? मी सगळीकडे विचारलं. येत नाही. कधी कधी भिंतीच्या कोपऱ्यावर तो पाय टेकतो आणि मी काही न बोलता मागे थांबतो. 'अजून चालू आहे' असं तो आता म्हणत नाही.

रोज सकाळी मी त्याला घ्यायला जातो तेव्हा वहिनी फाटकापाशी येते. त्याच्या खिशात गोळी ठेवते, गळ्याशी गुंडी लावते, आणि त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलते.

"दोन वर्षं, भावजी. दोन वर्षं ह्यांनी मला सांगितलं नाही. तुम्हाला तरी गप्प बसवायचं नव्हतं."

दादा हँडल धरून जमिनीकडे बघत उभा असतो. मी वाकून त्याचं मागचं टायर बोटाने दाबतो, हवा बघितल्यासारखं करतो. हवा मी कालच भरलेली असते.