शंभर मीटरची माझी वेळ

खेळाच्या सरांच्या रजिस्टरात आमच्या वर्गातल्या प्रत्येकीपुढे शंभर मीटरची वेळ लिहिलेली असते. सोळा सेकंद, अठरा सेकंद, एका आळशी महामायेची तर चोवीस. माझ्यापुढे ‘सवलत’ आणि पंचवीसपैकी पंचवीस गुण. तो शब्द पाहिला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि धड तळपाय तर मला एकच आहे.

मागच्या वर्षी मी हट्टाने धावले होते. निम्मं अंतर झालं नाही तोच सर घड्याळ बंद करून आले आणि पाठ थोपटू लागले. “जिंकलीस तू!”

“कुणाला हरवलं मी?” असं विचारलं, तर म्हणाले, स्वतःला. कपाळ माझं.

यंदा चाचणीच्या दिवशी मी कुबड्या टेकत पुन्हा रेषेवर गेले. मला वेळ हवी होती, बाकी काही नको.

“मुलींनो, टाळ्या!” सर लगेच सुरू झाले. “हिला आपण प्रोत्साहन द्यायचं!”

“सर, हिचे लाड आटपा,” मागून खडूस ओरडली. “आमचा व्हॉलीबॉल राहतोय.”

खडूस म्हणजे आमच्या संघाची कप्तान. तिला मी डोळ्यांसमोर नको असते, आणि मलाही ती नको असते. पण त्या क्षणी मैदानावर मला खोटं न बोलणारी ती एकटीच दिसली.

“सर, घड्याळ तिच्याकडे द्या.”

“मी काय तुझी नोकर आहे?” खडूस म्हणाली.

“आकडे वाचता येत नाहीत का?”

तिने सरांच्या हातातून घड्याळ हिसकावलं आणि शेवटच्या रेषेवर जाऊन उभी राहिली.

सरांनी शिट्टी वाजवली. मी सुटले. टाळ्यांचा नुसता कलकलाट. काखा सोलवटल्या, तळहात भाजून निघाले, पण थांबले नाही. रेषा ओलांडली आणि धापा टाकत विचारलं, “किती?”

“एक मिनिट बारा. पण फाउल. शिट्टीच्या आधी तुझी कुबडी रेषेपुढे होती.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“घसा फुटेस्तोवर ओरडले. या टाळ्यांत ऐकू कुणाला जातंय? पुन्हा धाव.”

“अगं, जाऊ दे ना,” मागोमाग धावत आलेले सर कळवळून म्हणाले. “एवढंसं तर होतं.”

मला तिचा गळा दाबावासा वाटत होता. पण कुबडी पुढे होती, मला माहीत होतं. आजवर मला कुणी फाउल दिला नव्हता.

“टाळ्या बंद करा,” मी सरांना म्हटलं आणि परत सुरुवातीच्या रेषेकडे निघाले. मुली दातओठ खात होत्या. तास संपत आला होता आणि जाळी अजून बांधायचीच होती.

दुसऱ्यांदा सरांनी शिट्टी शेवटच्या रेषेवरूनच, खडूसशेजारी उभं राहून वाजवली. एकदा पडलेसुद्धा. कुणी उचलायला आलं नाही, कारण खडूसने सरांना हाताने अडवून धरलं होतं.

“एक मिनिट एकतीस,” ती म्हणाली.

सरांनी पेन उघडलं. “बेटा, पहिली वेळ चांगली होती. तीच लिहितो.”

“दुसरी!” आम्ही दोघी एकदमच त्यांच्यावर खेकसलो.

त्यांनी दुसरी लिहिली.

“अख्ख्या वर्गात सगळ्यात वाईट,” खडूस म्हणाली आणि बॉल घेऊन निघून गेली.

मला इतका आनंद झाला, की तिला थँक्यू म्हणता म्हणता राहिले.