डाव्या पोटावरचा निळा रंग

लेक आणि जावई घर सोडून होडीवर राहायला निघाले, तेव्हा मी डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. होडी तरी कसली, तर आमच्या लग्नाच्या वेळची जुनी कॅटामरान. दोन लांबट पोटं, त्यांना जोडणारा पूल आणि वर शीड. "बाबा तपासतील की," एवढंच लेकीचं उत्तर. बाबांची छाती लगेच फुगली.

आमच्या ह्यांचा सारा जन्म याच कामात गेला. होडीच्या पोटाला फायबरच्या दोन भिंती असतात आणि मध्ये लाकूड भरलेलं असतं. पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं, वरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून छोट्या हातोडीने इंच इंच ठोकत जायचं. टणक वाजलं की पुढे, बद्द वाजलं की तिथे खडूने गोल. मग तेवढा भाग कापून नवं लाकूड बसवायचं आणि राळेत भिजवलेल्या कापडाचे थर चढवायचे. कापड कापणं माझ्याकडे. हे ठोकत असताना कोणी ब्र काढायचा नाही, असा यांचा कायदा आहे. मला चपलासुद्धा शेडच्या दाराशी काढाव्या लागतात.

डावं पोट आधीच झालं होतं. थोडे गोल निघाले, थर चढले, लेकीने हौसेने निळा रंगही दिला. आता उजवं चाललं होतं. मी चहा घेऊन गेले आणि नेहमीसारखी मुकाट उभी राहिले. टण, टण, बद्द. हे पुढे सरकले. पुन्हा बद्द. हे पुढेच.

आधी वाटलं, दमले असतील. मग यांनी वाढवून ठेवलेला टीव्हीचा आवाज आठवला, ज्यावरून आमची रोज जुंपते.

गप्प राहावं तर पोरगी या कुजक्या लाकडावर बसून समुद्रात जाणार. बोलावं तर या माणसाकडे उरणार काय? मला रडू येत होतं आणि रागही येत होता, यांचा, माझा, त्या मेल्या होडीचा. चहा तसाच निवला.

शेवटी खडू उचलला आणि यांच्या मागून गोल काढत गेले. टोकाला पोहोचून हे वळले. गोल बघत राहिले. आता ओरडतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण यांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि मानेने डाव्या पोटाकडे खूण केली.

त्या नव्या रंगावर मी ठोकायला लागले. हे कान देत नव्हते, माझं तोंड बघत होते. पुलाखाली, जिथे लाटांचा सगळा मार बसतो, तिथे बद्द वाजलं. मला सांगावं लागलं नाही. यांनी पटाशी आणली आणि लेकीने दिलेला रंग स्वतःच्या हाताने खरवडायला घेतला.

मध्येच यांचा हात थांबला.

"बाकीच्यांचं काय?"

"कुठल्या बाकीच्यांचं?" मी मोठ्याने विचारलं.

यांनी दाराबाहेर बघितलं. बाहेर धक्का होता, त्यापलीकडे समुद्र. गेल्या वर्षभरात यांनी ठोकून, खुशाल जा म्हणून सोडलेल्या होड्या तिकडे कुठेतरी होत्या, माणसांसकट.

यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"तू लाव एकेकाला," हे म्हणाले. "मला पलीकडचं ऐकू येत नाही."