चकचकीत परत आलेला ट्रे

मी एक जुना काचेचा ट्रे आहे, मित्रांनो, ओव्हनमध्ये ठेवायचा. वितळलेली काच साच्यात दाबून मला घडवलं आणि सावकाश निवू दिलं, म्हणून मला आच सोसते.

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणलं. दर रविवारी त्या माझ्यात एकच पदार्थ करत. कांदा-लसणावर खिमा परतायचा, पास्ता जरा कच्चाच उकडायचा, त्यात पालक, मटार आणि बारीक चिरलेल्या फरसबीच्या शेंगा मिसळायच्या, वरून दाट पांढरा सॉस आणि किसलेलं चीज. चाळीस मिनिटांनी माझ्या कडांशी बुडबुडे येत. मग जाड फडक्यात गुंडाळून बाई मला बसने वडिलांकडे नेत.

वडील सुतारकाम करून थकलेले, तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहणारे. सुरुवातीला बापलेक समोरासमोर बसून जेवत. कडेची खरपूस खरवड वडील सुरीने सोडवून घेत. "ही माझी. हिला हात लावायचा नाही," असं लेकीला बजावत. माझे सुखाचे दिवस तेच.

पुढे दुकान रविवारीही उघडं राहू लागलं. बाई पहाटे उठून रांधत आणि मला दारातच देत.

"बाबा, गरम आहे तोवर खा. मी पळते."

"पळ, पळ. उशीर होईल."

एका रविवारी पहिलाच घास वडिलांच्या घशात अडकला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी नुसता पालक खाऊन पाहिला. तोही उतरेना. मग ते मला समोर ठेवून नुसते बसू लागले. थोड्या वेळाने उठत, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकत आणि मला नखाने खरवडून लख्ख धूत.

शेजारच्या बाईंनी एकदा ते पुडकं पाहिलं. "अहो, लेकीला सांगा की."

"काय सांगू? गिळवत नाही म्हणून? ती पहाटे उठून राबते. हे कळलं तर नोकरी सोडून दवाखान्याच्या चकरा मारत बसेल. आपोआप बरं होईल."

लेक मला परत न्यायला आली, की विचारायची, "संपवलंत सगळं?"

"फडशा पाडला," ते हसून म्हणायचे.

घरी ती नवऱ्याला मला दाखवायची. "बघा, कसं चाटूनपुसून खाल्लंय."

"पण बारीक झालेत गं ते."

"वय झालंय आता."

मी सगळं पाहिलेलं होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

पाच महिन्यांनी वडील जिन्यात कोसळले. त्या संध्याकाळी बाई दवाखान्यातून आल्या आणि माझ्यासमोर टेबलाशी बसल्या.

"घशात गाठ आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "डॉक्टरांनी विचारलं, खाणं कधीपासून कमी झालं? मी म्हटलं, कमी कुठे, दर रविवारी ट्रेभर खातात. तेव्हा सोबत आलेल्या शेजारच्या बाई रडत म्हणाल्या, ते सगळं कचऱ्यात जायचं." मला जवळ ओढून त्या म्हणाल्या, "आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, म्हणे."

वडील तीन आठवडे जगले. चमच्याने पाणी तेवढं जात होतं.

नंतर बाईंनी एकदाच खिमा परतायला घेतला. मध्येच गॅस बंद केला, मला पुसलं आणि वरच्या कपाटात ठेवून दिलं. त्याला सात वर्षं झाली. माझ्यावर धुळीचा थर आहे. मला खाली काढावं असं कुणाला वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही.

मित्रांनो, कुणाच्या दारी जेवण घेऊन गेलात, तर पाच मिनिटं आत बसा. समोरचं माणूस घास गिळतंय का, ते डोळ्यांनी बघा. रिकाम्या भांड्यावर विश्वास ठेवू नका. मी वीस रविवार चकचकीत परत आलो, आणि वीसही वेळा खोटं बोललो.