दोऱ्याचं माप

राजारामला बायकोच्या बोटासाठी अंगठी करायची होती आणि बायकोचं बोट केवढं, हे त्याला ठाऊक नव्हतं. लग्नाला वीस वर्षं झालेला नवरा असं बोलायला लागला की सोनार हसणारच. लालबागचा सोनारही हसला, "वरातीमागून घोडं" म्हणाला आणि मापाच्या कड्यांचा जुडगा त्याच्यापुढे टाकला. राजाराम एकेक कडं उचलून बघत बसला. चंपाच्या हातचं कुळथाचं पिठलं आठवलं, तिच्या कपाळावरची लहानपणची खोक आठवली. बोट काही आठवेना.

आठवणार कसं? राजाराम गिरणीत, चंपा मालवणकडच्या गावी. वर्षातून एकदा गणपतीला गाठ पडायची, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यात बायकोचा हात धरून माप घेतलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता. इथं लालबागला एका खोलीत वीस गाववाले पाळीपाळीने झोपत. माणसांची कमी नव्हती, पण मनातलं बोलावं असं कोणी नव्हतं.

आणि आता त्याला गणपतीपर्यंत थांबवत नव्हतं. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर आली आणि गोळीबार झाला. राजाराम एका दुकानाच्या फळीआड दडला. त्याच्या शेजारी बसलेला माणूस पाणी प्यायला म्हणून उठला आणि तिथंच पडला. त्या दिवसापासून राजारामच्या डोक्यात एकच घोळत होतं. आपण गेलो असतो तर चंपाकडे आपलं म्हणून काय राहिलं असतं? दरमहा धाडलेले पैसे पोटात गेले होते. तिला एकदा तरी काही द्यायचं होतं, फक्त तिला.

खोलीतला धोंडू शिमग्याला गावी निघाला. त्याच्याकरवी निरोप धाडायचा, तर सगळी खोली कान देऊन बसलेली. बायकोचं नाव घ्यायची रीत नाही, आणि अंगठी तिच्यासाठी हे सांगायचं तर मग विचारूच नका, जन्मभर थट्टा झाली असती. राजाराम पायताण शोधता शोधता म्हणाला, "घरात सांग, बोटाच्या मापाचो दोरो धाड म्हणान. अंगठी करूची आसा."

शिमग्यानंतर दोरा आला, गाठ मारलेला. सोनाराने तो कड्यांवर चढवून बघितला आणि म्हणाला, तुमच्या मंडळींचं बोट फारच नाजूक हो. राजाराम खूश झाला. शेतात राबून, जात्यावर दळून बोट एवढं बारीक राहिलं, याचा त्याला उगाचच अभिमान वाटला.

मे महिन्यात भावाच्या लग्नाला जाताना धोंडू अंगठी घेऊन गेला. परत आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्याने खोलीला बातमी दिली. अंगठी सुभद्राच्या बोटात अगदी चपखल बसली. सुभद्रा म्हणजे राजारामची सोळा वर्षांची लेक. आता स्थळ बघायला हरकत नाही, बाप असावा तर असा, असं सगळा गाव म्हणतोय. खोलीत कोणीतरी राजारामच्या पाठीवर थाप मारली, कोणी चहा सांगायला खाली धावला.

"दोरो सुभद्राच्या बोटाक बांधलो?" राजारामने हळूच विचारलं.

"मगे? माझ्यासमोरच. मी म्हटलंय, वयनी, तुमचा माप नको? तर हसली. म्हणाली, माका कोण अंगठी करतलो?"

एवढं मोठं घर ओढणाऱ्या बाईच्या मनात तो विचार शिवलासुद्धा नव्हता, आणि तो शिवावा असं आपण वीस वर्षांत काही केलंही नव्हतं. अजून वेळ गेली नव्हती. अंगठी तुझ्यासाठीच होती, एवढंच चंपाला सांगायचं होतं. धोंडू पुन्हा गावी जाणार होता. सगळी खोली चहाची वाट बघत राजारामच्या तोंडाकडे कौतुकाने बघत होती.

"विहिरीक पाणी आसा मां?" राजारामने विचारलं.

धोंडू म्हणाला, आहे थोडं.