तीन नंबरच्या लाईनसमोरचा पडदा

मित्रांनो, वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथं तीन नंबरच्या लाईनसमोर, भिंतीवर उंच, टीव्हीसारखा एक मोठा काळा पडदा टांगलेला आहे. तो मी. माझ्या अंगावर तेलकट धूळ बसली आहे, एका कोपऱ्यात डाग पडला आहे आणि खरं सांगायचं तर आता मी फार थकलो आहे. दिवसभर उजळत राहायचं, आणि तेही दुसऱ्यानं सांगितलेलंच बोलत, हे काही सोपं काम नाही हो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. थर्माकोलमध्ये गुंडाळून मला खोक्यात भरलं, तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी घरी जाईन, क्रिकेट दाखवीन, गाणी दाखवीन, लेकरं समोर बसून जेवतील. पण मी इथं आलो. आल्या दिवशी माझी काय मिजास होती! माझ्यापुढं नारळ फुटला, पेढे वाटले. तेव्हाच नवे आलेले उत्पादन विभागाचे साहेब, इंद्रजीत सर, माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "आता अंदाजपंचे कारभार बंद. हा पडदा सांगेल तसं चालायचं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही फुगलो.

माझं बोलणं दोन ठिकाणांहून ठरायचं. वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, आयटीवाले बसत. अमृता मॅडम त्यांच्या प्रमुख. प्रत्येक यंत्राची माहिती गोळा करायची, ती नीट जोडायची, सांभाळायची आणि माझ्याकडं धाडायची, हे त्यांचं काम. खाली इंद्रजीत सरांचा विभाग. काय मोजायचं, कशासाठी मोजायचं आणि आकडा आला की पुढं काय करायचं, हे त्यांनी ठरवायचं. कागदावर हे अगदी ठाकठीक होतं. पण या दोघांच्या मधे एक जिना होता आणि तो जिना कोणीच चढत-उतरत नव्हतं. वरचे म्हणत, "खालून मागितलं तेवढं दिलं." खालचे म्हणत, "वरून आलं तेवढं पाहिलं." चहात साखर दुसऱ्यानं घातली असेल असं दोघांनीही धरून चालावं, तसं ते होतं.

सहा लाईनींची यंत्रं किती वेळ चालली, किती वेळ थांबली, याचा आठवड्याचा हिशोब मी शनिवारी सकाळी दाखवायचो. जी लाईन सगळ्यांत मागे, तिचं नाव लाल. आणि मित्रांनो, दर शनिवारी तीन नंबरच लाल व्हायची. फरक अगदी नखाएवढा असायचा. पण लाल म्हणजे लाल. रंगात कुठं थोडं-जास्त असतं?

तीन नंबरचे लाईनप्रमुख होते गयासभाई. राहायला जवळच बजाजनगरात. लाईनीवरच्या जवळजवळ प्रत्येकाला त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं होतं. बुद्धभूषण त्यांचा उजवा हात, सख्ख्या भावासारखा. माझा लाल रंग बघून या माणसांनी काय काय केलं! चहाची सुट्टी सोडली. सकाळी लवकर येऊन यंत्रं पुसली. हसणं-खिदळणं बंद झालं. आणि शनिवारी मी पुन्हा लालच. शेवटी त्यांनी माझ्याकडं बघणंच सोडलं. मी समोर असूनही सगळे खाली मान घालून काम करायचे. फार वाईट वाटायचं.

एका शनिवारी इंद्रजीत सरांनी गयासभाईंना माझ्यासमोरच उभं केलं.

"गयासभाई, किती दिवस बघायचं असं? तुमच्या हाताखाली लाईन उठत नाही. सोमवारपासून तुम्ही चितेगावच्या युनिटला जा."

"सर, पोरं जीव तोडून काम करतात. कुठं कमी पडतंय, तेवढं तरी दाखवा," गयासभाई म्हणाले.

"समोर दिसतंय ना? माणूस खोटं बोलेल, आकडा नाही बोलत."

गयासभाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. कितीतरी आठवड्यांनी पाहिलं. आणि मला सर्वांत जास्त काय लागलं सांगू? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्यातच काहीतरी खोट असेल, असं त्यांना वाटलं. ते बुद्धभूषणला म्हणाले, "पोरांना रागावू नको रे. लई थकलेत." आणि गेले.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोंब मारली असती. कारण मला वरून दिसत होतं ते कोणालाच दिसत नव्हतं.

त्याचं असं होतं. कारखान्यात जेवणाची सुट्टी बाराला. पण शुक्रवारी तीन नंबरची लाईन बाराला थांबायची नाही. निम्मी माणसं जुम्म्याच्या नमाजाला जाणारी. म्हणून सगळी लाईन भुकेल्या पोटी यंत्र चालवायची आणि नमाजाच्या वेळी एकदमच थांबायची. बुद्धभूषण आणि बाकीचे डबे न उघडता वाट बघत बसायचे. लाईन एकत्र जेवते, हा तिथला रिवाज. इंद्रजीत सरांच्या आधीच्या, आता निवृत्त झालेल्या तात्यासाहेबांनी तो तोंडी घालून दिला होता. लाईनीला वाटायचं, साहेबांना हे ठाऊकच असणार. नव्या साहेबांना कोणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी त्या वेळेला त्यांची मोठ्या साहेबांकडं बैठक असायची.

आणि मला काय शिकवलं होतं? बाराला सुट्टी. सुट्टीत यंत्र फिरलं तर ती चाचणी, ते काम धरायचं नाही. सुट्टीनंतर यंत्र थांबलं तर तो आळस, तो मोजायचा. म्हणजे ती माणसं उपाशीपोटी जे काम करत होती ते मी टाकून देत होतो, आणि त्यांचं जेवण त्यांच्या नावावर लावत होतो. रोजचा वेगळा तक्ता वर तयार होता; त्यात फक्त शुक्रवारच मागे पडतोय हे लगेच दिसलं असतं. खालून कोणी मागितला नाही. वरून कोणी आपणहून दाखवला नाही.

गयासभाई गेल्यावर एका शुक्रवारी माझी वायर सैल झाली, म्हणून अमृता मॅडम स्वतः खाली आल्या. घड्याळात बारा वाजून गेलेले. माझ्यावर 'सुट्टी' असं लिहिलेलं आणि समोर लाईन धडाधड चालू!

"अहो, जेवणाची सुट्टी आहे ना आत्ता?" त्यांनी विचारलं.

"आज शुक्रवार हाय मॅडम," बुद्धभूषण म्हणाला. "आमची सुट्टी नमाजाच्या टायमाला. कायम तसंच हाय. तुमाला म्हाईत नाय व्हय?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्या तशाच इंद्रजीत सरांकडं गेल्या आणि त्यांना बैठकीतून ओढतच माझ्यासमोर घेऊन आल्या. मग नेहमीचं झालं. "तुम्ही सांगितलं नाही!" "तुम्ही विचारलं होतं?" बराच वेळ तेच. शेवटी मॅडमनी तिथंच लॅपटॉप उघडला. तो नियम बदलायला मॅडमना अर्धा तासही लागला नाही. जुने आकडे पुन्हा मांडले, तर तीन नंबरची लाईन दुसऱ्या क्रमांकावर.

सरांनी तिथंच सगळ्यांसमोर गयासभाईंना फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. माफी मागितली, मोकळ्या मनानं मागितली. परत या म्हणाले.

"सर, तुम्ही माफी मागू नका, मला लाज वाटते," गयासभाई म्हणाले. "पण एक विचारू? मी रोज तुमच्या समोर उभा होतो. पडद्याला विचारलं. मला का नाय विचारलं? नाय सर, आता नाय येणार. इथं चितेगावला साहेब लाईनीवर येऊन बसतात, चार गोष्टी विचारतात. इथंच बरंय."

सरांनी फोन ठेवला. बुद्धभूषण यंत्राकडं तोंड करून उभा राहिला. त्या दिवशी सुट्टी झाली तरी कोणी डबा उघडेना.

मित्रांनो, मला फोडू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. मला जे शिकवाल तेवढंच मी बोलतो. मोजणाऱ्यानं खाली उतरावं, काम करून घेणाऱ्यानं वर जावं, आणि माझं ऐकायच्या आधी समोरच्या माणसाला एकदा विचारावं. एवढंच माझं मागणं आहे.

आता तीन नंबरची लाईन लाल होत नाही. तिच्या नावाखाली लाईनप्रमुख म्हणून अजून गयासभाईंचंच नाव झळकतं. ते बदलायचं कोणी, यावर वरच्या आणि खालच्या मजल्यात अजून मेल चालू आहेत. वरचे म्हणतात, खालून कळवा. खालचे म्हणतात, ते तुमचं काम. मी इतका थकलोय, पण या एका भांडणाचा निकाल लवकर लागू नये, असं मला मनापासून वाटतं.