फळीवरचा माणूस

"तुझ्या भावाला सांग, म्हणजे झालं," असं म्हणून नवऱ्याने फावडं असं आपटलं की चिखलाचे शिंतोडे आक्काच्या तोंडावर उडाले.

आक्काने बाहीने गाल पुसला. "काय सांगू? तो माझं ऐकतो होय?"

"मग कुणाचं ऐकतो? डबड्यातल्या त्या घड्याळाचं?"

"हो. त्याचंच ऐकतो. तुम्हाला काय आज कळलं?"

गहू चिकात आला होता. ओंबीतला दाणा नखाने दाबला की पांढरा चीक बोटाला लागायचा. अशा वेळी पाणी मिळालं तर दाणा टपोरा होतो, नाही मिळालं तर नुसता कोंडा हाती येतो. आणि हे हंगामातलं शेवटचं पाणी. वरचा तलाव खपाटीला गेलेला, चारीला पाणी कसलं, नुसती करंगळीएवढी धार. आक्काची पाळी आठ ते दहा. नऊ वाजत आले तरी निम्मे वाफे कोरडे ठणठणीत. जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की धार भेगेत शिरायची ती पुढे सरकायचंच नाव घेत नव्हती.

पाण्याची वाटणी व्हायची ती वरच्या अंगाला, दगडी मोरीपाशी. तिथे लोखंडी फळी होती. फळी या खाचेत घातली की पाणी एका चारीला, त्या खाचेत घातली की दुसरीला. त्या फळीवर सहा वर्षं आक्काचा धाकटा भाऊ बसत होता. गाव त्याला घड्याळ्या म्हणायचं. चाळिशी ओलांडलेला गडी, पण कुणाच्या नजरेला नजर देणार नाही, हसायच्या गोष्टीला हसणार नाही. पत्र्याच्या डब्यात गजराचं घड्याळ घेऊन बसायचा आणि ज्याची वेळ संपली त्याची फळी खटकन पाडायचा. पाहुणा असो, पुढारी असो, कुणी पाया पडो नाहीतर अंगावर धावून येवो. त्याच्या आधी फळीवर जे शहाणे होते ना, त्यांच्या काळात चारीच्या शेवटाकडच्या रानांना पाण्याचं तोंड बघायला मिळायचं नाही. ते सगळे वरच्या अंगाच्या बागवाल्याच्या ओट्यावर चहा पीत बसायचे. बाकीचं मी काय सांगू?

तर त्या बागवाल्याने आता तक्रार केली होती. "ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याच्या हातात गावाचं पाणी कसं देता? उद्या काही बरंवाईट झालं तर?" आणि पाणीसंस्थेचा अध्यक्ष म्हणजे ज्याने आधी गाठला त्याचा माणूस. त्याने मधली वाट काढली. काल संध्याकाळी आक्काच्या अंगणात येऊन सांगून गेला, "उद्या दहाच्या ठोक्याला आम्ही सगळे मोरीवर येतो. मी त्याला सांगेन, बहिणीची नड आहे, दहा मिनिटं जास्त दे. थांबला, तर माणूस ठीक आहे असं लिहून देतो. चारचौघांसारखा वागला तर आमचं काय भांडण आहे? नाहीतर उद्यापासून फळीवर दुसरा माणूस."

रात्रभर आक्काच्या डोळ्याला डोळा लागला नाही. फळी गेली तर भावाचं काय व्हायचं? फळी मिळायच्या आधी तो दिवसभर गोठ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. पोरं खडे मारायची. फळी मिळाली आणि माणूस उभा राहिला, पोटभर जेवायला लागला. आईने मरताना त्याचा हात आक्काच्या हातात दिला होता, तेव्हापासून 'माझा भाऊ तुमच्यासारखाच आहे' हे तिने गावाला इतक्यांदा ऐकवलं होतं की तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं होतं.

"अहो, त्याची न्याहारी देऊन येते," ती नवऱ्याला म्हणाली आणि डबा घेऊन बांधाने निघाली.

घड्याळ्या मोरीच्या कट्ट्यावर बसला होता. तिने डबा उघडून दिला. त्याने तो मुकाट्याने संपवला आणि रोजच्यासारखा हात धुवायला पाण्याशी उतरला. त्याचं हात धुणं म्हणजे कोपरापर्यंत तीनदा, पाठ फिरवून. आक्काने पत्र्याचा डबा उघडला. घड्याळाच्या मागची चावी फिरवली. काटा दहा मिनिटं मागे गेला.

तुम्ही म्हणाल, गव्हासाठी केलं. गव्हासाठीही केलं, नाही कशाला म्हणू? पण जास्त करून भावासाठी केलं. दहा वाजून गेले तरी याच्या घड्याळात वाजणार नाहीत, हा फळीला हात लावणार नाही, लोकांना वाटेल थांबला, अध्यक्ष लिहून देईल, सुटलो. एवढं साधं गणित.

दहाच्या सुमाराला अध्यक्ष आला, बागवाला आला, मागे पाच-सहा रिकामटेकडे आले. फावडं खांद्यावर टाकून शेवटाकडची मावशीही आली. दहानंतरची पाळी तिची, दहा ते बारा. म्हातारीला पुढेमागे कुणी नव्हतं. होती ती दीड एकराची पट्टी आणि तिखट जीभ. आक्काचा नवराही रान सोडून वर आला आणि गुपचूप कडेला उभा राहिला.

अध्यक्षाने मनगट वर केलं. "दहा वाजले बरं का. पण तुझ्या बहिणीचे वाफे राहिलेत. दहा मिनिटं जाऊ दे पाणी. काय?"

सगळ्यांचे डोळे घड्याळ्याच्या हातावर. घड्याळ्याने डब्यात बघितलं आणि हात मांडीवरच ठेवला.

"अरे वा!" अध्यक्ष हसला. "थांबला की!"

"शहाणा झाला," बागवाला म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसला. त्याला काय, दोन्हीकडून फायदाच. "असंच पाहिजे. माणसाने माणसाला समजून घ्यायला नको? उद्या माझ्या बागेला थोडं कमी पडलं तर मलाही समजून घेशील, काय?"

रिकामटेकड्यांनी माना डोलावल्या. एकाने तर घड्याळ्याच्या पाठीवर थाप मारली. सहा वर्षांत गावातल्या कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली नव्हती. मावशी मात्र खाली वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होती. ते पाणी आता तिचं होतं आणि आक्काच्या रानात चाललं होतं.

"जिंकलीस बाई," मावशी हळूच म्हणाली. "तुझा भाऊही शेवटी त्यांच्यातलाच निघाला."

आक्काने मान खाली घातली.

तेवढ्यात तिचं भावाकडे लक्ष गेलं. तो झुलत होता. पुढे मागे, पुढे मागे. गोठ्यात बसायचा तेव्हा असाच झुलायचा. मोरीच्या खांबाची सावली बघायचा, डब्यात बघायचा, परत सावली. ओठ हलत होते. आक्का जवळ गेली.

"काय झालं रे राजा?"

"आक्का, सावली दगडावर आली."

"बरं मग?"

"काल दगडावर आली तेव्हा दहा वाजले होते. परवाही. आज नाहीत वाजले." त्याने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. "सगळे म्हणतात ते खरं आहे का गं? माझं डोकं बिघडलंय का?"

उभ्या जन्मात त्याने तिला असं काही विचारलं नव्हतं. लोक खडे मारायचे तेव्हाही नाही.

आक्काला वाटलं, जमीन दुभंगावी. हो म्हणावं तर फळी राहते, पाठीवरची थाप राहते, दोन वाफे जास्त भिजतात. आणि हा मात्र जन्मभर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही. ती नवऱ्याकडे वळली नाही, अध्यक्षाकडेही नाही. ती भावासमोर चिखलातच बसली.

"तुझं डोकं ठीक आहे. घड्याळ मागे आहे. मी केलं. तू हात धूत होतास ना, तेव्हा मी चावी फिरवली."

घड्याळ्याचं झुलणं थांबलं.

"किती?"

"दहा मिनिटं."

तो उठला. फळी उपसली आणि दुसऱ्या खाचेत खटकन पाडली. आक्काच्या चारीतलं पाणी बघता बघता बसलं. मग त्याने अध्यक्षाचं मनगट धरून स्वतःकडे वळवलं, घड्याळ लावलं आणि मावशीला म्हणाला, "सात मिनिटं गेली तुमची. आक्काने घेतली. पुढच्या हंगामात तिच्यातली देईन."

"चोरटी!" मावशी आक्कावर कडाडली. "तोंडावर मावशी मावशी करतेस आणि माझं पाणी पळवतेस? लाज नाही वाटत?"

"वाटते मावशी," आक्का म्हणाली. खरंच वाटत होती, तोंड वर करवत नव्हतं.

बागवाल्याला चेव चढला. "बघितलंत अध्यक्ष? सख्ख्या बहिणीचं पाणी तोडलं! याला माणूस म्हणायचं? लिहा आता, वेडा आहे म्हणून."

अध्यक्ष घड्याळ्यासमोर उभा राहिला. "काय रे, बहिणीचा गहू वाळला तर?"

"वाळेल."

"तुला वाईट नाही वाटायचं?"

"वाटेल." घड्याळ्या पाण्याकडे बघत होता. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचे असतात हे त्याला माहीत नव्हतं. "आत्ता पण वाटतंय."

"मग फळी का पाडलीस?"

"दहा वाजून गेले."

अध्यक्षाने खिशातून कागद काढला. तेवढ्यात मावशी पुढे झाली आणि सरळ मोरीच्या कट्ट्यावर, घड्याळ्याच्या शेजारी, फावडं आडवं टाकून बसली.

"लिही. वेडा लिही. मोठ्या अक्षरात लिही. आणि खाली माझं पण नाव घाल. याला उठवायचं असेल तर आधी मला उठवा, हात लावून बघा."

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका."

"का नको? शहाणे फळीवर होते तेव्हा चौदा वर्षं माझी पट्टी पड होती. तेव्हा कुणी कागद का नाही काढला?"

शेवटाकडच्या रानांतले दोघे-तिघे त्या रिकामटेकड्यांत होते. मघाशी मान डोलावणारेच. ते आता खाकरले, इकडेतिकडे बघितलं आणि एकेक करून कट्ट्याकडे सरकले. अध्यक्षाने डोकी मोजली. बागवाला एकटा होता आणि अध्यक्षाला पुढच्या वर्षी पुन्हा अध्यक्ष व्हायचं होतं. त्याने कागदाची घडी घातली.

"पुढच्या हंगामात बघू," तो म्हणाला.

त्याचं 'बघू' गावाला पाठ होतं. त्याने बघू म्हटलेली शाळेची भिंत अजून तशीच पडलेली आहे. बागवाला पाय आपटत निघून गेला.

आक्का नवऱ्याच्या मागोमाग बांधाने खाली आली. खालचे चार वाफे कोरडेच राहिले होते. नवरा कमरेवर हात ठेवून ते बघत उभा होता. आता हा फावडं फेकणार, अशी तिने मनाची तयारी केली.

"चार गेले," तो म्हणाला.

"गेले."

"घड्याळ मागे केलंस तू. आणि चारचौघांत सांगितलंसही तूच. निदान गप्प तरी बसायचंस." तो तिच्याकडे वळला. "मला एक सांग, तुझ्या माहेरात वेडं नक्की कोण आहे?"

आक्काला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही फुटलं. "आता मला काय माहीत," ती म्हणाली, "पण एकटा नाही तो, एवढं खरं."

नवरा वाफ्यात उतरला आणि ओल्या वाफ्यातून कोरड्याकडे काही ओघळतंय का ते बघायला फावड्याने बांध फोडू लागला.