कुंथायचं नाही

ऑपरेशन झालं त्या दुपारी गणोजी अफूच्या शेतातून चालला होता. माघ उतरणीला लागलेला. बदनावर गावाच्या बाजूला त्या दिवसांत असतात तशी बघावं तिकडे पांढरी फुलं, वारा नसतानाही डुलणारी. पाय जमिनीला लागत नव्हते. हातात सनई होती आणि ती वाजत होती. पण सूर कानांना ऐकू येत नव्हता, तो अंगाला लागत होता, आंघोळीच्या कढत पाण्यासारखा. असं वाजवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. फुंकायची गरजच नव्हती. सनई ओठांना लावली की पुरे.

"गणू, डोळे उघड," कोणी म्हणालं, आणि फुलं हळूहळू विझली.

समोर अक्का होती, त्याची थोरली बहीण. तिच्यामागे पांढरी भिंत, भिंतीवर उन्हाचा एक चौकोन. धारच्या दरबारी दवाखान्यात आपण पडलो आहोत हे गणोजीला आठवलं, आणि त्याच क्षणी उजव्या जांघेतली कळ जागी झाली.

गणोजी देवासचा. तिथल्या टेकडीवर मातेच्या देवळात पहाटेची सनई त्याच्या घराण्याकडे होती. त्याचा खापरपणजा पवारांच्या फौजेबरोबर नगारा वाजवत माळव्यात उतरला होता. पंचवीस-एक वर्षं गणोजीनं त्या टेकडीवर छाती आणि पोट पणाला लावून फुंक घातली. त्या फुंकेनंच म्हणा की आणखी कशानं, जांघेत अंतर्गळ उतरला. आधी बोरासारखा होता, मग लिंबासारखा झाला. धोतराखाली फडकं आवळून बांधायचं आणि वाजवायचं. पण गेल्या नवरात्रात तो गोळा बाहेर येऊन अडकला, आत जाईना. जीव जाता जाता वाचला. तेव्हा धारला दिलेल्या अक्कानं निरोप धाडला, की इथं मुंबईत शिकून आलेले चिंतामणराव डॉक्टर आहेत, ते अंतर्गळ आतून शिवून टाकतात, तू ये.

आणि तो आला. संध्याकाळी डॉक्टर खाटेशी आले. वयानं लहानच होते, पण बोलणं शांत.

"गणोजी, फाटलेली जागा शिवली आहे. शिवण ओली आहे अजून. खोकला आला तर हातानं जागा दाबून धरा. वजन उचलायचं नाही. आणि शौचाला बसाल तेव्हा कुंथायचं नाही, काही झालं तरी."

"आणि सनई?"

"ते मागाहून बोलू," डॉक्टर म्हणाले.

हे 'मागाहून' गणोजीच्या उशाशीच बसून राहिलं.

कळ सोसेना म्हणून शालिग्राम कंपाउंडर सकाळ-संध्याकाळ अफूच्या अर्काचे थेंब पाण्यातून द्यायचा. कडू जहर. पण ते पोटात गेले की थोड्या वेळानं भिंतीवरचा उन्हाचा चौकोन पाण्यासारखा हलू लागे, त्याच्या कडा विरघळत, आणि त्यातून वाट फुटून गणोजी पुन्हा त्या शेतात पोचे. कधी शेत मांडूपर्यंत जाई. तिथल्या तलावाच्या काठावर गोरखचिंचेची पोटफुगी झाडं ऐकत उभी असत, आणि तो पाण्यावरून चालत ललत राग वाजवी. जागेपणी ज्या जागा त्याला पंचवीस वर्षं हुलकावणी देत आल्या होत्या, त्या तिथं आपण होऊन बोटांखाली येत. हळूहळू तो दिवसभर थेंबांचीच वाट बघू लागला. अक्का बाळगोपाळांच्या गोष्टी सांगायची, तो हं हं म्हणायचा.

रोज सकाळी शालिग्राम दारातून विचारायचा, "कंई भिया, पेट साफ हुयो?"

"हुयो," गणोजी म्हणायचा.

हे खोटं होतं. ऑपरेशन झाल्यापासून त्याला एकदाही शौचाला झाली नव्हती. पहिल्या दिवशी वाटलं, खाल्लंच कुठं आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, होईल. मग खोलीच्या कोपऱ्यातल्या भोकाच्या खुर्चीवर तो जाऊन बसला, आणि जरासा जोर लावताच जांघेत असं काही चमकलं की घाम फुटून तो परत खाटेवर आला. त्यानंतर त्यानं खुर्चीकडे बघणंच सोडलं. शालिग्रामला खरं सांगायची लाज वाटली, हे तर होतंच. पण लाजेच्या खाली आणखी एक होतं, ते त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नाही: खरं बोललो तर हे लोक थेंब बंद करतील, अशी त्याला धास्ती होती.

पोट नगाऱ्यासारखं ताणलं. जेवण नको वाटू लागलं. आणि मग स्वप्न बिघडलं. फुलं तीच, पण खालची जमीन चिकट झाली. मांडूचा तलाव काठोकाठ भरलेला, हिरवा, त्याला ना ओढा ना सांडवा. पाणी नुसतं फुगत होतं आणि त्याला कुठं जायला वाट नव्हती. गणोजीनं सनई ओठांना लावली तर ती ओल्या काळ्या मातीनं गच्च भरलेली. तो फुंकत राहिला, फुंकत राहिला. झाडं पाठ फिरवून निघून गेली.

अशा एका दुपारी देवासहून मारुती आला. गणोजी सनई वाजवी तेव्हा शेजारी बसून सूर धरायचा तो हा मारुती. आता देवळात तोच एकटा वाजवत होता.

"गणोजीभाऊ, काय हे, किती वाळलात!" तो म्हणाला, आणि मग त्याची नजर फुगलेल्या पोटावर गेली.

अक्का पाणी आणायला बाहेर गेली होती. मारुती आपला माणूस. त्याला गणोजीनं सांगून टाकलं.

"एवढंच ना?" मारुतीनं कमरेच्या चंचीतून एक पुडी काढली. "हे असूच द्यावं लागतं जवळ. जमालगोटा आहे. आमच्या आळीतल्या वैदूची गोळी. आत्ता घ्या, दिवस मावळायच्या आत मोकळे व्हाल."

"टेकडीवर कसं चाललंय?" गणोजीनं गोळी मुठीत घेत विचारलं.

"चाललंय. लोक विचारतात, गणोजी कुठाय. पुजारी म्हणतात, किती दिवस चालायचं हे." मारुती खाली बघत म्हणाला. "मी काय, ओढतोय गाडा."

वाटेनं थकलेला मारुती डोळा लागून कोपऱ्यात कलंडला. गणोजी मूठ मिटून पडून राहिला. गोळी घामानं ओली होत होती. अक्का तांब्या घेऊन आली, तिनं तांब्या ठेवला आणि म्हणाली, "मुठीत काय आहे?"

"काही नाही."

"गणू, तू चार वर्षांचा असताना गुळाचा खडा असाच लपवायचास. उघड."

त्यानं मूठ उघडली. मग त्याच्यानं राहवेना. डोळे छताला लावून तो सगळं बोलला: झाली नाही, एकदाही नाही, शालिग्रामशी खोटं बोललो, कुंथलं तर शिवण जाईल, नाही कुंथलं तर असाच फुगून मरेन.

अक्का रागावली नाही. तिनं गोळी उचलून पदराच्या गाठीत बांधली. "माझ्या पहिल्या बाळंतपणात आठ दिवस मी हेच केलं होतं," ती म्हणाली. "टाके नव्हते, पण भीती हीच. कोणाला सांगू? सासूला? शेवटी सुइणीनं ओळखलं. तुला लाज वाटत असेल तर तू डोळे मिटून घे. डॉक्टरांना मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. भाजीचा भाव सांगावा तसं, आणि पदरातली गोळीही पुढे केली. चिंतामणराव खाटेच्या कडेवर बसले. तळव्यानं त्यांनी गणोजीचं पोट हळूहळू चाचपलं, डावीकडे थांबले, पुन्हा चाचपलं. उलटी झाली का, वारा सरतो का, हे विचारलं. सरत होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

"हे अफूचं काम आहे," ते म्हणाले. "ती दुखणं झोपवते, तशी आतडीही झोपवते. मी पहिल्याच दिवशी हे बजावायला हवं होतं. पण ही गोळी घेतली असतीत, तर आतडी पिळवटून निघाली असती, तुम्ही कळवळून कुंथला असतात, आणि शिवण गेली असती."

कोपऱ्यात मारुती जागा होऊन ऐकत होता. त्याचं तोंड उतरलं.

"आता आधी कोमट पाण्याची पिचकारी देऊ, खालून मऊ करायला. मग रोज निजताना सोनामुखीचा काढा, मनुका घालून. पाणी भरपूर प्या, पातळ खा, आणि उद्यापासून अंगणात चाला. थेंब आजपासून निम्मे, आणि मग आणखी कमी."

"दुखेल," गणोजी म्हणाला.

"दुखेल. सोसेना झालं तर मागा. पण खरं सांगून मागा."

गणोजी अगदी हळू म्हणाला, "डॉक्टरसाहेब, त्या थेंबांत माझी सनई वाजते. अशी बाहेर कधी वाजली नाही. आता तर बाहेर वाजेल की नाही तेही तुम्ही सांगत नाही."

डॉक्टरांनी ह्याला हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "बाहेर वाजेल की नाही, ते मला खरंच आज ठाऊक नाही," ते म्हणाले. "शिवण टिकली तर बोलता येईल. पण आतली ठेवून बाहेरची मिळायची नाही, एवढं ठाऊक आहे."

गणोजीनं डोळे मिटले. "द्या पिचकारी," तो म्हणाला.

शालिग्रामनं पडदा ओढला, एरंडेल घातलेलं साबणाचं कोमट पाणी आणलं आणि गणोजीला डाव्या कुशीवर वळवलं. त्या वेळात तो मनावर गावातल्या आपल्या मामाच्या म्हशीची कथा सांगत राहिला, म्हणजे गणोजीला दुसरीकडे बघायला काहीतरी असावं. मग त्याला धरून खुर्चीवर बसवलं, पायांखाली पाट सरकवला, आणि घडी घातलेलं धोतर जांघेवर दाबून धरायला दिलं.

"जोर मत लगाव, भिया. मुंडो खुलो राख. सांस छोड, बस, छोडतो जा."

श्वास सोडत जाणं गणोजीला येत होतं. तेवढं एकच काम तो आयुष्यभर करत आला होता. त्यानं तोंड उघडं ठेवलं आणि लांब, न तुटणारा श्वास सोडला, मग आणखी एक. डोळ्यांसमोर तो हिरवा तलाव आला. फुगून फुगून थकलेला. त्याच्या एका कडेला कुठं तरी दगड निसटला, आधी बारीक धार, मग पाणी आपल्या भारानंच वाहू लागलं, शेतांतून, फुलांच्या बुडांतून, दूर उताराला. गणोजीच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं आणि ते त्याला कळत नव्हतं.

"हुयो?" पडद्याबाहेरून अक्कानं विचारलं.

"हुयो," शालिग्राम म्हणाला, आणि बाहेर अक्का इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या खोलीतला रोगी जागा झाला.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. थेंब कमी झाले तशी कळ दुपारभर सोबत करू लागली. सोनामुखीनं पोटात मुरडा यायचा. एकदा अक्कानं पानं जास्त उकळली आणि गणोजीचा दिवस खुर्चीवरच गेला. तेव्हा डॉक्टरांनी काढा निम्मा केला, आणि बजावलं की ह्याचीही सवय नको, आतडी चालू लागली की सोडून द्यायचा. गणोजी अंगणात चालू लागला, मग दवाखान्याबाहेर, मग अक्काच्या खांद्यावर हात ठेवून गावच्या तलावापर्यंत. काठावर पायऱ्यांवर बसलं की ऊन अंगात मुरायचं, पाण्यावर काठच्या कालिकामातेच्या टेकडीची सावली हलायची, आणि जागेपण व झोप ह्यांच्या मधे कुठं तरी तो तरंगत राहायचा. पण शेत आता येत नव्हतं. एकदा कडेकडेची चार फुलं दिसली. मग तीही नाहीत.

त्या दिवशी तो पायरीवर बसून मुकाट रडला.

"दुखतंय?" अक्कानं विचारलं.

"नाही. फुलं गेली."

अक्काला वाटलं, खऱ्या शेतांचं बोलतोय. "गेलीच की," ती म्हणाली. "फाल्गुन लागला. आता बोंडांना चिरा पाडून चीक काढतील."

गणोजीला रडता रडता हसू आलं. जागा दाबून धरून तो हसला.

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी शिवण पाहिली. भरली होती. "पावसाळा संपेपर्यंत फुंक नाही," ते म्हणाले. "मग सूर धरून बघा, लहान, हलका. दुखलं की थांबायचं. जुना जोर मात्र परत मागू नका."

गणोजीनं त्यांच्या पायांना हात लावायला वाकायला घेतलं, तर डॉक्टरांनी घाईनं त्याला खांद्यांना धरून उभं केलं. "वाकायचंही नाही, अहो!"

मारुतीनं आणलेल्या बैलगाडीत गवताची जाड गादी होती. इंदूरमार्गे देवासला पोचायला त्यांनी मुद्दाम जास्त दिवस लावले. वाटेत मारुती एकदाच त्या गोळीविषयी बोलला. "भाऊ, मी चांगल्यासाठीच..." गणोजीनं त्याचा हात नुसता दाबला.

देवासात उन्हाळाभर तो टेकडीच्या पायथ्याशी बसून वर वाजणारी सनई ऐकायचा. मालन, त्याची बायको, पेज आणून द्यायची. वर मारुती वाजवायचा, चांगलं वाजवायचा, पण घाईनं, कुणी मागे लागल्यासारखं. ललतात एका जागी तो रोज अडखळायचा, आणि ती जागा गणोजीला आता ठाऊक होती. कुठं ऐकली होती तेही ठाऊक होतं, पण ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एका पहाटे मारुती पुन्हा तिथंच अडखळला. खालून ओरडून सांगणं गणोजीला शक्य नव्हतं. ओरडलं की पोटावर ताण येई. तो उठला. एक पायरी, थांबणं, श्वास सोडणं, मग दुसरी. तो वर पोचला तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं आणि मारुती घाम पुसत होता.

"धैवत इतका चढा घेऊ नकोस," गणोजी म्हणाला आणि त्याच्या शेजारी सूर धरणाऱ्याच्या जागेवर सावकाश टेकला. "जरा उतरता घे. तिथं जोर लावायचाच नाही. नुसता श्वास सोड. हं, परत एकदा."